डिस्क गोल्फ खेळताना साप, गोचीड, गांधीलमाश्या: खरी काळजी घ्यायची ती डिस्क शोधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नुकतेच पुण्याहून नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला आलात, ऑफिसातल्या मित्रांमुळे डिस्क गोल्फची, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायच्या खेळाची, गोडी लागली, नऊ वर्षांच्या मुलीलाही बरोबर नेता, आणि गेल्या शनिवारी झुडपात गेलेली डिस्क काढताना पायापासून हातभर अंतरावर साप दिसला. तेव्हापासून घरचे म्हणतायत की हे रानातलं खेळणं बंद करा. तर बंद करावं का, आणि नसेल करायचं तर काय काय बघायचं.

बंद अजिबात करू नका. मी या रॉली-डरहॅम भागात बरीच वर्षं खेळतोय, नवीन माणसांना पहिल्यांदा कोर्सवर न्यायचं काम आमच्या ग्रुपमध्ये बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं, आणि कोर्सची साफसफाई करायला आम्ही सगळे जमतो तेव्हा तर पाचोळा, ओंडके, वेली यांच्यातच दिवस जातो. त्यामुळे जे सांगतोय ते बघून सांगतोय. थ्रो करताना जवळजवळ कोणालाच काही होत नाही, जे काय व्हायचं ते डिस्क शोधताना होतं. म्हणजे जिथे नजर पोचलेली नाही तिथे आधी हात किंवा पाय पोचतो तेव्हा. तुमचा साप पण तसाच भेटला ना, टी पॅडवर, म्हणजे पहिला थ्रो जिथून करतात तिथे, नाही भेटला. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

आता असं का होतं ते बघा. एड हेड्रिक या माणसाने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडीनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स उभा केला, साखळ्यांची बास्केट पण त्याचीच, आणि तेव्हापासून हा खेळ वाढला तो अशा जमिनीवर जी दुसऱ्या कशाला फारशी उपयोगाची नसते. उताराची झाडी, ओढ्याकाठची पुराची जमीन, विजेच्या तारांखालचा पट्टा, तळ्याची कड. इथलंच घ्या, हॅरिस लेकचा बकहॉर्न कोर्स अणुवीज केंद्रासाठी बांधलेल्या तळ्याकाठच्या रानात आहे. फेअरवे म्हणजे मोकळा पट्टा आणि दोन्ही बाजूला दाट झाडी, आणि मोकळं आणि दाट जिथे मिळतं ती कड प्राण्यांना सगळ्यात जास्त आवडते, कारण उन्हात शेकायला मोकळी जागा आणि पळायला आडोसा दोन्ही शेजारी शेजारी. आणि आपली चुकलेली डिस्क जाऊन पडते कुठे, तर नेमकी त्याच कडेवर.

सापाचं आधी सांगतो कारण भीती त्याचीच आहे. तुम्ही वर्णन केलंय की तपकिरी, जाडसर, हलतच नव्हता. न बघता खात्रीने कोणीच सांगू नये, पण या भागात असं वर्णन आलं की पहिलं नाव कॉपरहेडचं येतं. नॉर्थ कॅरोलायनात विषारी सापांच्या सहा जाती आहेत पण आपल्या रॉली-कॅरीच्या पट्ट्यात रोजच्या फिरण्यात भेटणारा विषारी साप म्हणजे कॉपरहेडच. त्याची खूण म्हणजे अंगावर डमरूच्या आकाराचे गडद पट्टे, पाठीच्या मधोमध अरुंद आणि दोन्ही बाजूंना पोटाकडे रुंद होत गेलेले. इथला बिनविषारी पाणसाप, ज्याला बघून लोक सगळ्यात जास्त घाबरतात, त्याचे पट्टे बरोब्बर उलटे, पाठीवर रुंद आणि बाजूला निमुळते. काळाकुट्ट लांबलचक साप झाडावर चढताना दिसला तर तो बहुतेक ब्लॅक रॅट स्नेक, एकदम निरुपद्रवी, उंदीर खातो, त्याला जाऊ द्या.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला इथे एक सवय बदलावी लागते. आपल्याकडे घोणस असली की ती जोरात फुत्कारते, आवाज लांबून ऐकू येतो, नाग फणा काढतो, म्हणजे साप सांगतो की मी आहे. कॉपरहेड बहुतेक वेळा असं काही करत नाही. त्याचा सगळा भरवसा रंगावर, माणूस जवळ आला की तो पळायच्या ऐवजी जागच्या जागी गोठतो. कधी पाचोळ्यात शेपटी थरथरवतो तेवढंच. आणि रंग तर असा की एकदा आमच्यातल्या एकाची नारिंगी डिस्क पडलेल्या ओकच्या ओंडक्याला टेकून तिरकी उभी होती, खालचा भाग पाचोळ्यात, आम्ही तिघं चार पावलांवरून डिस्ककडे बघत होतो आणि कोणालाच काही दिसत नव्हतं, मग काठीने वरची पानं बाजूला केली तर डिस्कच्या कडेला लागूनच वेटोळं, डोकं वेटोळ्याच्या मध्यावर ठेवलेलं, तांबूस तपकिरी, शेजारच्या पानांच्या आणि त्याच्या रंगात काही फरकच नाही. काठी लागली तरी हललं नाही. आम्ही मागे सरकलो, डिस्क तिथेच ठेवली, पुढचे होल, म्हणजे पुढच्या बास्केटपर्यंतचे टप्पे, खेळून परत येताना बघितलं तर साप गेलेला होता, डिस्क उचलली. एवढंच करायचं असतं. हात घातला असता तर चावला असता, आणि त्यात सापाची काही चूक नव्हती.

म्हणून काठी. सरळ एक हलकी फोल्ड होणारी ट्रेकिंगची काठी बॅगेला अडकवा. रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या झाडीत, शिरताना काठी पुढे, पाय मागे. ओंडका ओलांडायचा असेल तर एकदम पलीकडे पाऊल टाकायचं नाही, ओंडक्यावर पाय ठेवून पलीकडे बघायचं आणि मग उतरायचं, किंवा सरळ वळसा घालायचा. पाचोळ्यात, खडकाच्या फटीत, बास्केटच्या पायथ्याशी वाढलेल्या गवतात हात घालायच्या आधी काठीने हलवून बघायचं. बंद बूट आणि जाड कापडाची लांब पँट, कितीही उकडत असलं तरी. बूट आणि मोजे हे बोलायला साधं वाटतं पण चावे बहुतेक पायाला घोट्याच्या आसपास आणि हातालाच होतात, आणि फ्लोटर्स घालून खेळणारे आपले लोक मी दर उन्हाळ्यात बघतो, त्यांना मी अडवून सांगतो, राग आला तरी चालेल.

वेळ पण बघा. भर उन्हाळ्यात कॉपरहेड दुपारी सावलीत दडून असतो आणि संध्याकाळी उकाड्यात बाहेर पडतो. वसंतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवसाउजेडी पण भेटतो. ऑगस्टच्या शेवटापासून पिल्लं होतात, अंडी नाही, थेट जिवंत पिल्लं, बोटभर जाडीची सुद्धा नसतात आणि शेपटीचं टोक पिवळं-हिरवं असतं. पिल्लू मोठ्यापेक्षा जास्त विषारी असतं असं तुम्हाला इथे दहा जण सांगतील, ते खरं नाही, पण पिल्लू दिसतच नाही हा खरा प्रश्न. उन्हाळ्यात लोक एलईडी लावलेल्या डिस्क घेऊन रात्री खेळतात, मजा येते, मी पण जातो, पण हेडलॅम्प प्रत्येकाच्या डोक्यावर हवा आणि मुलांना रात्री रफमध्ये पाठवायचं नाही म्हणजे नाही.

आणि चावलाच तर. कॉपरहेडच्या चाव्याने मृत्यू अगदी क्वचित होतो, हे घरच्यांना आधी सांगा म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. पण दुखतं खूप, सूज वर चढत जाते, आणि हॉस्पिटलला जायलाच लागतं. अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट लगेच काढायचं कारण नंतर निघत नाही. बूट सैल करायचा. धावपळ नाही. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ लावायचा नाही. श्वासाला त्रास, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, उलट्या असं काही असेल तर थेट ९११. नाहीतर विषबाधेची हेल्पलाइन १-८००-२२२-१२२२, ही चोवीस तास चालते आणि फुकट आहे, फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा, ते सांगतात कुठे जायचं आणि काय करायचं. साप मारून किंवा पकडून घेऊन जायची काही गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर ठीक, त्यासाठी जवळ जायचं नाही. सगळ्यांना अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, लागतंच असं नाही, सूज किती आणि कुठवर चढतेय ते बघून डॉक्टर ठरवतात. इन्शुरन्सचं कार्ड फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण अँटिव्हेनमचं बिल इथे हजारो डॉलरमध्ये जातं.

साप दिसला तर मारू नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. कोर्स त्याच्या घरात आहे, आणि नॉर्थ कॅरोलायनात रॅटलस्नेकच्या तिन्ही जाती आणि कोरल स्नेक कायद्याने संरक्षित आहेत. दुसरं म्हणजे साप मारायला गेलेलाच माणूस बऱ्याचदा चावून घेतो.

आता ज्या गोष्टीला मी सापापेक्षा खूप जास्त मानतो ती म्हणजे गोचीड. इथे टिक म्हणतात. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला माकडतापाने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, तो पण गोचिडीतूनच येतो. इथले आजार वेगळे. आपल्या भागात सगळ्यात जास्त भेटते ती लोन स्टार टिक, मादीच्या पाठीवर एक पांढरा ठिपका असतो. ही चावल्यावर काही लोकांना अल्फा-गाल नावाची ॲलर्जी होते, म्हणजे सस्तन प्राण्यांचं मांस चालेनासं होतं. मटण, बीफ, पोर्क सगळं बंद, काहींना दूध आणि जिलेटिनचा पण त्रास होतो, चिकन आणि मासे मात्र चालतात. ही ॲलर्जी ओळखायला अवघड जाते कारण खाल्ल्या खाल्ल्या काही होत नाही, दोन ते सहा तासांनी होतं, म्हणजे रविवारी रात्री मटणाचा रस्सा ओरपला आणि मध्यरात्री अंगभर गांधी उठल्या, पोटात कळा, माणसाला वाटतं मटण खराब होतं. दोनदा असं झालं तर डॉक्टरला टिकचं सांगा, रक्ताची तपासणी असते.

दुसरं रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर, हा पण गोचिडीतून येणारा ताप. नावात रॉकी पर्वत असला तरी नॉर्थ कॅरोलायना हे त्याच्या जास्त केसेस असणाऱ्या राज्यांपैकी आहे. उन्हाळ्यात ताप, डोकं भयंकर दुखतंय, अंग मोडून आलंय, आणि गेल्या दोन आठवड्यांत रानात गेला होतात, तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की मी झाडीत खेळतो, टिक चावली असू शकते. पुरळ उठायची वाट बघू नका, ते उशिरा येतं किंवा येतच नाही. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लवकर सुरू झालं की बरं होतं, लहान मुलांना पण देतात, उशीर झाला तर जीवावर बेततं. लाइम हा गोचिडीचाच आजार पण आहे, पण या दोन गोष्टी आपल्या लोकांना माहीतच नसतात म्हणून इतकं लांबण लावलं.

उपाय सोपे आहेत आणि काम करतात. खेळायचे कपडे आणि बूट वेगळे ठेवा आणि त्यांच्यावर अर्धा टक्का परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे मारून पूर्ण वाळवा, कपड्यांवरच, अंगावर नाही, आणि घरात मांजर असेल तर ओला स्प्रे तिच्यापासून लांब कारण मांजराला तो विषारी आहे. अंगावर किडे लांब ठेवणारं डीट किंवा पिकॅरिडिन. पँट मोज्यात खोचा, कोण काय म्हणेल याची पर्वा करू नका, इथले जुने खेळाडू सगळे खोचतात. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, जास्त हीटवर दहा मिनिटं, धुवायच्या आधी, कारण धुण्याने गोचीड मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. आणि दोन तासांच्या आत अंघोळ आणि तपासणी: गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या इलास्टिकखाली, जांघेत, मुलीच्या कानामागे आणि केसांच्या मुळाशी. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, काडी लावायची नाही, व्हॅसलिन नाही, रॉकेल नाही. आपल्याकडे गुरांच्या गोचिडीला जे करतात ते इथे विसरा. उन्हाळ्याच्या शेवटी कधी कधी पायावर तांबूस ठिपक्यांची रांगोळी दिसते आणि ती हलते, ती गोचिडीची पिल्लं, शेकड्याने असतात, तेव्हा पॅकिंगची चिकटपट्टी पायावर दाबून उचलायची, चिमट्याने दिवस जाईल. म्हणून चिकटपट्टीचा एक छोटा रोल बॅगेत असू द्या.

गांधीलमाश्यांचं पण गंभीरपणे घ्या. यलो जॅकेट म्हणतात, पिवळ्या-काळ्या, आणि पोळं झाडावर नाही, जमिनीत असतं. जुन्या उंदराच्या बिळात, कुजलेल्या बुंध्याखाली, तोंड रुपयाच्या नाण्याएवढं. ऑगस्ट ते ऑक्टोबर पोळं भरलेलं असतं आणि त्याच वेळी हवा छान म्हणून सगळे खेळायला बाहेर. ओळखायची युक्ती अशी की रफमध्ये शिरायच्या आधी अर्धा मिनिट थांबून जमिनीकडे बघा, तिरक्या उन्हात एकाच ठिकाणी माश्यांची ये-जा दिसते, एक आत गेली, दोन बाहेर आल्या. दिसलं की डिस्क सोडून द्या. पाय पडलाच तर उभं राहून झटकत बसायचं नाही, सरळ पळायचं, बॅग टाकून पळायचं, गाडीत किंवा लांब मोकळ्यावर. तळ्यात उडी मारायची नाही. एक माशी अनेकदा डंख मारते. कोणाला आधी गांधीलमाशीने किंवा मधमाशीने जोरात रिॲक्शन आलेली असेल तर एपिपेन, म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यावरचं तयार इंजेक्शन, बरोबर असल्याशिवाय या दोन-तीन महिन्यांत झाडीत खेळू नये, आणि तुमच्याबरोबर खेळणाऱ्यांना ते कुठल्या कप्प्यात आहे आणि कसं लावायचं ते माहीत हवं.

फायर अँट या चावऱ्या मुंग्यांच्या वारुळांचा त्रास फेअरवेवरच होतो, कारण डिस्ककडे बघत बघत माणूस नेमका वारुळावर उभा राहतो. पायावर चढून एकदम चावतात, दुसऱ्या दिवशी पांढरे पुटकुळे येतात, ते फोडू नका.

आता नियमाची गोष्ट, कारण नवीन लोकांना वाटतं की डिस्क जिथे पडली तिथूनच खेळलं पाहिजे. तसं नाही. पीडीजीए, म्हणजे १९७६ पासून असलेली या खेळाची संघटना, तिच्या नियमातच आहे की त्रासदायक किडे किंवा प्राणी तुमच्या लायवर (पुढचा थ्रो जिथून करायचा त्या जागेवर) किंवा लायच्या मागे असतील तर पेनल्टी न घेता, बास्केटपासून लांब, त्याच रेषेत मागे सरकून खेळता येतं. वारूळ असो, माश्या असोत, साप असो, ग्रुपला सांगायचं आणि मागे यायचं. झाडीच नको वाटत असेल तर एक पेनल्टी थ्रो घेऊन त्याच रेषेत हवं तितकं मागे यायची पण सोय आहे. डिस्क सापडत नसेल तर शोधायला तीन मिनिटंच असतात, त्यानंतर ती हरवली. मला हा तीन मिनिटांचा नियम फार आवडतो, घरगुती खेळात पण पाळा, कारण पाचव्या-सातव्या मिनिटाला माणूस चिडलेला असतो आणि कुठेही हात घालतो. आणि एखादा कुत्रा किंवा कावळा पडलेली डिस्क घेऊन गेला तर जिथे होती तिथे परत ठेवून खेळायचं, त्याच्या मागे धावायची गरज नाही. उडती डिस्क प्राण्याला लागली तर जिथे जाऊन थांबली तिथून खेळायचं असं नियम म्हणतो, पण लागू द्यायचीच नाही हे आपलं काम. हौशी माणसाची डिस्क पण ताशी पन्नास-साठ मैलांनी जाते, ड्रायव्हरची, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कची, कड धारदार असते, हरणाच्या डोळ्याला लागली तर डोळा गेला. फेअरवेवर हरणं असतील तर थांबा. मागचा ग्रुप घाई करत असेल तर त्यांना दाखवा, ते पण थांबतात, मी आजवर कोणाला तक्रार करताना बघितलं नाही.

रंगाचं पण बोलतो कारण शोधायचा वेळ कमी होणं म्हणजेच धोका कमी होणं. पानगळीत लाल, नारिंगी, पिवळी डिस्क घेऊन जाऊ नका, समोर असून दिसत नाही. हिरवी तर कधीच नाही. झगझगीत गुलाबी वर्षभर चालते. झाडीच्या होलवर नवी वीस डॉलरची डिस्क न घेता स्वस्त प्लास्टिकची घ्या, म्हणजे सोडून यायला मन धजतं. आणि चौघांत एकाने पुढे जाऊन डिस्क कुठे पडते ते बघत उभं राहायचं, मुलीला हे काम द्या, फेअरवेच्या कडेला सुरक्षित ठिकाणी झाडाआड, तिची नजर तुमच्यापेक्षा तीक्ष्ण असणार.

वसंतात पक्षी. टिटवीचा एक भाऊबंद इथे आहे, किलडीअर, आपल्या टिटवीसारखाच उघड्या जमिनीवर, खडीवर अंडी घालतो, घरटं म्हणावं असं काही नसतंच. एका कोर्सवर टी पॅडला लागून असलेल्या खडीत यायचा, तुम्ही चालत गेलात की पंख जमिनीवर टाकून, शेपटीचा नारिंगी भाग दाखवत, लंगडत लंगडत ओरडत पुढे पळणार, जणू पंख मोडलाय, आणि तुम्ही मागे गेलात की थोडं लांब नेऊन मस्त उडून जाणार. असा लंगडणारा पक्षी दिसला की त्याच्या मागे जाऊ नका आणि पुढचं पाऊल पण टाकू नका, आधी पायाखाली बघा, खडीच्याच रंगाची ठिपक्यांची चार अंडी जवळपास असणार. तिथे आम्ही चार काठ्या रोवून दोरी बांधली आणि अंडी फुटेपर्यंत, म्हणजे साधारण साडेतीन आठवडे, टी शेजारच्या गवतात हलवली. पिल्लं बाहेर आली आणि त्याच दिवशी पायांवर पळायला लागली. कॅनडा गीज ही रानटी बदकं-हंसांच्या जातीची पाखरं पण मार्च-एप्रिलमध्ये तळ्याकाठी अंड्यावर असतात, नर अंगावर येतो, मान खाली घालून फिस्कारत, त्याला पाठ न दाखवता हळूहळू मागे यायचं. हे सगळे पक्षी आणि त्यांची अंडी १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या केंद्रीय कायद्याने संरक्षित आहेत, हात लावायचा नाही.

मे-जूनमध्ये गवतात एकटं पाडस दिसेल, ठिपक्यांचं, अजिबात न हलता. मुलीला वाटेल आई सोडून गेली. सोडून गेलेली नसते, आई मुद्दाम लांब चरत असते म्हणजे तिच्या वासाने कोणी पिल्लापर्यंत येऊ नये. उचलू नका, पाणी पाजू नका, होल सोडून पुढे जा. बॉक्स टर्टल फेअरवे ओलांडताना दिसेल, ते या राज्याचं अधिकृत सरपटणारं प्राणी-चिन्ह आहे, घरी आणायचं नाही, त्याची जागा ठरलेली असते आणि दुसरीकडे सोडलं तर ते आयुष्यभर परतीची वाट शोधत फिरतं. रस्त्यात असेल तर ज्या दिशेला तोंड आहे त्याच बाजूला पलीकडे ठेवा. मोठं, लांब शेपटीचं, अंगावर येणारं कासव म्हणजे स्नॅपिंग टर्टल, त्याला हात लावू नका. गढूळ पाण्यात हाताने चाचपत डिस्क शोधणाऱ्यांनी हे कासव आठवावं. पाण्यातून डिस्क काढायला दोरीला बांधायचा लोखंडी पंजा मिळतो तो वापरा.

पाण्यावरून आठवलं, आपली मंडळी डिसेंबरच्या सुट्टीत फ्लोरिडाला जातात आणि बॅगेत डिस्क असतात. तिथे आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारी भागात कुठलंही गोडं पाणी म्हणजे ॲलिगेटर आहे असंच धरून चालायचं. २०२२ च्या मे महिन्यात फ्लोरिडात लार्गो इथल्या एका पार्कच्या तळ्यात डिस्क काढायला उतरलेल्या माणसाचा ॲलिगेटरने जीव घेतला, पाण्यात उतरू नका अशी पाटी तिथे होती. पडलेल्या डिस्क गोळा करून विकणारे लोक असतात, ते बघून आपल्याला वाटतं हे तर रोजचं आहे. तळ्यात गेलेली डिस्क गेली. काठापासूनही चार-पाच पावलं लांब उभं राहायचं, मुलं आणि कुत्रा आणखी लांब.

दिवसाढवळ्या झोकांड्या खात चालणारा, माणसाला न घाबरणारा रॅकून किंवा कोल्हा दिसला तर लांब व्हा आणि काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) ॲनिमल कंट्रोलला कळवा. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रा डोळ्यासमोर येतो, इथे तो रॅकून, कोल्हा, स्कंक आणि वटवाघुळात असतो. चावलं किंवा ओरखडलं तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टर. वटवाघूळ हाताला नुसतं लागलं तरी विचारा, त्याचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही. कोयोटी इथे सगळ्या शंभर काउंट्यांत आहेत, आणि मे-जूनमध्ये एखादं तरुण अस्वल कॅरी-रॉलीत भरकटत येतं, दोन्ही वेळेला पळायचं नाही, मुलीला जवळ घ्यायचं, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं, बास.

प्राणी नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, पॉयझन आयव्ही. तीन-तीन पानांची वेल, मधल्या पानाचा देठ लांब, झाडावर चढलेली असेल तर खोडावर केसाळ दोर. ही आंबा, काजू आणि आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली, आणि बिब्बा उततो तशीच ही अंगावर उतते. तिचं तेल डिस्कवर, बॅगेच्या पट्ट्यावर, कुत्र्याच्या केसांवर तसंच राहतं आणि आठवड्याने पण हाताला लागतं. म्हणून घरी आल्यावर डिस्क पण भांड्याच्या साबणाने धुवा. ज्यांना आंब्याच्या चिकाने तोंड येतं त्यांनी जास्त जपावं.

घरच्यांचं कसं समजवायचं, तर त्यांना घेऊनच जा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये न्या, झाडी उघडी असते, थंडीत साप आत असतात, माश्यांचं पोळं संपलेलं असतं, डिस्क लांबूनच दिसते. गोचीड मात्र उबदार दिवशी थंडीतही फिरते, तेवढी तपासणी सोडू नका. पहिल्यांदा मोकळा, छोटा नऊ होलचा कोर्स निवडा, सकाळी दहानंतर, आणि मुलीच्या हातात काठी द्या. संध्याकाळी परत येताना गाडी सावकाश चालवा, ऑक्टोबर ते डिसेंबर हरणं माजावर असतात आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, एक ओलांडून गेलं की मागून दुसरं येणार हे धरून ब्रेकवर पाय ठेवा. आणि तो साप ज्या होलवर दिसला तो होल नंबर आणि जागा मला कळवा, तिथला कुजलेला ओंडका फेअरवेच्या फार जवळ असेल तर पुढच्या साफसफाईच्या वेळी आम्ही तो आत झाडीत सरकवून ठेवू.